पावतीवरचं इमान

परवा निलंग्याहून भाच्यानं एक फोटो पाठवला. आमच्या गावातल्या विमानवाल्या मास्तरांच्या पुतळ्याला नवा रंग दिलाय... आणि रंगाऱ्यानं मास्तरांच्या मिशा चांगल्या दोन बोटं वाढवून ठेवल्यात. आधी खूप हसले, मग मात्र तो पुतळा उभा राहिला ते वर्षच आठवत बसले.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. नवा जिल्हा, नवं कलेक्टर ऑफिस... आपल्याकडेही चार लोकांना दाखवण्यासारखं कुणीतरी असावं, असं गावोगावी वाटायला लागलं होतं. आमच्याकडे मास्तर होते.

निजामाच्या काळात या माणसानं बांबूच्या सांगाड्याला कापडाचे पंख लावले, टेकडीवरून झेप घेतली आणि ओढा ओलांडून पलीकडच्या माळावर उतरला. एकदाच. दुसऱ्यांदा उडायचं ठरलं, बघायला लांबलांबची माणसं यायची होती, आणि आदल्या दिवशी मास्तरांनी बेतच मोडला. का, ते कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून गाव म्हणायचं, मास्तर भ्याला.

त्यांची मुलगी सुशीलामावशी नांदेडला आमच्याच गल्लीत राहायची. मी तिथं शाळेत मराठी शिकवायचे. पुतळ्याचं खूळ तिचंच. लग्नाआधी एकदा चिडून ती वडिलांना तोंडावर 'भित्रे' म्हणाली होती... ते नुसते हसले. पुढं ते गेले आणि तो शब्द हिच्या मनात कुसळासारखा रुतून बसला. निदान पुतळा तरी उभा करू दे गं, म्हणायची.

झाली समिती. मी, मावशी आणि गावातला माझा चुलतभाऊ दत्ता. पावतीपुस्तकं छापून आणायचं काम दत्ताकडे. त्यानं प्रेसवाल्याला तोंडी सांगितलं आणि आमच्याकडे विमानाला सगळेच 'इमान' म्हणतात... पावत्या छापून आल्या, 'इमानवाले मास्तर स्मारक समिती'!

मी मराठीची बाई. माझा नुसता तिळपापड झाला. दत्ता शांतपणे म्हणाला, "मंग? इमानच की. तू काय म्हन्तीस त्याला?" पुन्हा छापून घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून तशाच पिशवीत भरल्या.

वर्गणीला निघालो तो उन्हाळा दुष्काळाचा. टँकर आला की अख्खं गाव घागरी घेऊन पळायचं. अशात पुतळ्यासाठी हात पसरायची लाज वाटायची. कुणी म्हणायचं, "प्यायला पानी न्हाई बाई, पुतळ्याचं काय करता?" त्यात खोटं काही नव्हतं. लागायचं ते दुसरं... "आन् भ्यालेल्या मानसाचा पुतळा कुनी करतंय व्हय?" बरं झालं, मावशी सोबत नव्हती.

चौथ्या दिवशी मी हरले. शेवटचं घर म्हणून महबूब चाचांच्या दुकानात शिरले. चाचा गावचे जुने शिंपी, सत्तरीच्या पुढचे, नजर अधू झालेली, शिवण आता हाताच्या सवयीनं चालायची. पावती वाचून दाखव म्हणाले. मी नाइलाजानं 'इमानवाले मास्तर' वाचलं आणि छपाईची चूक झालीय म्हणून सांगायला तोंड उघडलं...

चाचा म्हणाले, "बराबर लिव्हलं बाई. मास्तर लई इमानवाला. न्हाई तर कापडं वापस कोन देतंय?"

कसली कापडं, मला कळेना. चाचांनी सुईदोरा बाजूला ठेवला आणि सावकाश सांगायला लागले. ते पंख त्यांच्याच वडिलांच्या दुकानात शिवले होते. कापड विकत घ्यायला मास्तरांकडे पैसा कुठला... घरटी एक धोतर नाही तर लुगडं मागून आणलेलं. उडून झालं की परत देईन, असा शब्द दिला होता.

"दुसऱ्या खेपंला समदं तयार व्हतं. पर त्या साली बी असाच काळ पडलेला. बायांच्या अंगावर धड लुगडं न्हवतं. आदल्या दिवशी मास्तर पंख घिऊन आला. म्हनला, उसव महबूब, ज्याचं त्याला दिऊन टाकू. म्या माझ्या हातानं उसवले."

"मग चाचा, गाव भ्याला म्हणत होतं तेव्हा कुणीच कसं बोललं नाही?"

"ज्यांची कापडं व्हती ती शरमेनं बोलली न्हाईत, आन् आता ती मानसं बी गेली बाई. आन् मास्तरनं मला शपथ घातली व्हती, कुनाला बोलू नको म्हून. लोकान्ला कापडं वापस घेतल्याची शरम वाटंल म्हनला. आता तुमी कागदावरच इमान लिवून आनलं... आता काय लपवायचं?"

मी तिथंच रडले. चूक दुरुस्त करायला निघालेली मी, बरं झालं एक क्षण उशिरा बोलले.

दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत चाचांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी जयजयकार वगैरे केला नाही. घागरी भरून जो तो घरी गेला, इतकंच. पण मग लोक आपणहून यायला लागले. कुणी वाळू आणून टाकली, कुणी बैलगाडी दिली. बौद्धवाड्यातल्या गवंड्यांनी चौथरा बांधून दिला आणि मजुरीचं नावच काढू दिलं नाही. पुतळा सिमेंटचा झाला, नाक थोडं वाकडं आलं, पण झाला.

नांदेडला जाऊन मी मावशीला सगळं सांगितलं. तिनं स्वतःच्या लुगड्याचा पदर चिमटीत धरून पाहिला. मग म्हणाली, "म्हंजी आमच्या आईचं लुगडं बी असंल की गं त्यात."

पुतळा बसला त्या दिवशी भाषणं संपली, माणसं पांगली. मावशी एकटीच चौथऱ्यापाशी गेली. साठीची बाई... लहान पोरीसारखे तिनं दोन्ही कान धरले आणि वर बघून म्हणाली, "बाबा, चुकलं माझं."

माफी मागायची राहून गेली की माणूस ती घेऊन जाणार कुठं? एका तहानलेल्या गावानं मावशीला त्यासाठी जागा करून दिली. ते ऋण माझ्यावरही आहेच.