दानम्माच्या बोटाखालची जागा

बहात्तरच्या दुष्काळात औशाच्या दानम्मानं दोन उन्हाळे रस्त्याच्या कामावर खडी फोडली. दुपारी खायला मिळणारी सुकडी पदरात बांधून ती घरी आणायची. पाऊस झाला, काम बंद पडलं, पण घणाचे दणके उजव्या खांद्यात राहून गेले. आधी नुसती थंडीत कळ यायची. मग हात हळूहळू आखडत गेला आणि दहा वर्षांत कानाच्या वर जाईना. सकाळी पूजेला बसली, की डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग असायचं, पण उजव्या हातानं कपाळाला विभूती लावता यायची नाही. ती नवरा गुंडप्पा लावायचा. दार लोटून तिचा अंबाडाही तोच बांधायचा. गुंडप्पाचं बांगड्यांचं दुकान होतं, त्यामुळे बायकांच्या हातांची त्याला सवय होती. केसांची मात्र कधीच झाली नाही.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. गुंडप्पा कसल्याशा कागदासाठी नव्या कचेरीत गेला आणि येताना गंजगोलाईच्या बाजारामागं एक पाटी वाचून आला. मन्मथ नावाचे डॉक्टर कलकत्त्याला जाऊन चिनी सुयांचा इलाज शिकून आले होते. दुसऱ्याच दिवशी त्यानं दानम्माला एसटीत बसवलं.

"इंजेक्शन हाय का?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"नाही अक्का. यात औषधच नसतं. नुसती सुई."

"मग गुण कशानं येतो?"

"मला शिकवलं तसं मी करतो," डॉक्टर म्हणाले. "कुणाला लई गुण येतो, कुणाला थोडा. कुणाला येतच नाही. दहा खेपा या, मग तुम्हीच सांगा."

त्यांनी केसासारखी बारीक सुई काढली आणि तिच्या पोटरीजवळ, नडगीच्या बाजूला टोचली. दानम्मा बघतच राहिली. "दुखतोय खांदा, अन् सुई पायात?"

"आता हात वर करा. जाईल तिथवर."

पाय जड झाला, मुंग्या आल्या. हात थोडासा हलला. सहाव्या खेपेला तो कानापर्यंत गेला. नवव्या खेपेनंतर एका सकाळी गुंडप्पा फणी घेऊन आला, तर अंबाडा बांधून झालेला होता. तो फणी हातात घेऊन तसाच उभा राहिला. "बरं झालं," म्हणाला, आणि दुकान उघडायला गेला.

शेवटच्या खेपेला बाकावर किल्लारीची केवळाबाई बसली होती. गुडघे सुजलेले. डॉक्टरांनी लुगडं वर घ्यायला सांगितलं, तशी ती उठून चालू लागली. दानम्मानं तिला हाताला धरून पडद्याआड नेलं, चादर पांघरली आणि गुडघ्याशी रुपयाएवढी जागा उघडी ठेवली.

"डॉक्टरसाब, कुठं ते सांगा. मी बोट ठेवते."

डॉक्टरांनी जागा सांगितली. तिनं चाचपून बोट ठेवलं, "हितं खड्डा लागतोय," म्हणाली. जागा बरोबर होती. डॉक्टरांनी पडद्याआड येऊन तेवढ्याच उघड्या जागी सुई लावली. केवळाबाई चादरीखाली डोळे मिटून पडून राहिली.

त्या दिवसापासून दानम्मा आठवड्यातून तीन दिवस दवाखान्यात मदतीला जाऊ लागली. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून जागांची चिनी नावं तिच्या डोक्यात राहिली नाहीत. तिनं आपली नावं ठेवली: खुब्याची, पाटलीखालची, तोडेवाली. डॉक्टरही तीच नावं घेऊ लागले. डॉक्टरांना काचेचे पेले कुणाच्या पाठीला लावताना तिनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "ही तर तुंबडी. आमच्या गल्लीत वैदूबाई लावायची." डॉक्टर हसले.

पुढं पुन्हा दुष्काळ पडला. कामावरच्या बाया तसेच खांदे घेऊन यायला लागल्या. त्यात एकदा नीलाबाई आली, पन्नाशीची. डावा खांदा दुखतो म्हणाली. दानम्मानं जागा चाचपायला हात धरला, तर तळवा गार, घामानं ओला.

दानम्मा पडद्याबाहेर येऊन हळूच बोलली. "डॉक्टरसाब, हे खडीचं दुखणं न्हाई. मी लई खांदे बघितले. खांदा हलवला तर हिला जास्त दुखत न्हाई."

डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि सुयांची डबी बंद केली. रिक्षा करून दोघांनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. दुखणं काळजाचं निघालं. नीलाबाई वाचली. महिन्याभरानं मुलीचा हात धरून आली आणि दानम्माजवळ बसली.

दानम्मानं स्वतः सुई कधी धरली नाही. "त्याला शिक्षण लागतं," म्हणायची. पण डॉक्टरांच्या परवानगीनं औशातल्या बायकांच्या जागा ती बोटांनी दाबून देऊ लागली. दुपारी ओसरीवर चार-पाच जणी असायच्या आणि गुंडप्पा चहा ठेवायचा. गुण आला की बाया सांगायला यायच्या. नाही आला, तरी चहाला यायच्याच.