रुमालाखालचा गेम

सरांनी चार मिनिटं नुसता पांढरा रुमाल पाहिला आणि मग विचारलं, "गेम सुरू कधी होणार?"

"हाच गेम आहे, सर," माझी नात सायली म्हणाली.

सर पुण्यात आपल्या फोनवर खेळत होते, त्याच फोनवरून व्हिडिओ कॉल लावला होता आणि आम्ही आमच्या गावी, अवसरीत बसून लॅपटॉपवर त्यांचं तोंड बघत होतो. सायली त्यांच्या कॉलेजात गेम बनवायला शिकते. (असलं शिक्षण असतं हे पटायला मला एक वर्ष लागलं.) शेवटच्या परीक्षेसाठी तिनं बेल्ह्याच्या बैलबाजाराचा गेम केला होता. सरांना पटला तर पास, नाहीतर आणखी एक वर्ष. आणि त्या गेमचं वाटोळं मी केलं होतं.

आधी गेम झकास होता. बैल निवडायचा, व्यापारी भाव बोलायचा, आपण बटण दाबून घासाघीस करायची. सौदा जमला की बैल शेपूट उडवून नाचायचा. आळीतली पोरं फोन सोडत नव्हती. सायलीनं हौसेनं तो मला दाखवला, तिथंच चुकली. मी शिकलेली चौथी, पण बोलायला बसले की हेडमास्तर. म्हटलं, बैलाचा भाव असा चारचौघांत ओरडून सांगतात होय? हातावर रुमाल टाकायचा, त्याखाली एकमेकांची बोटं दाबायची. भाव त्या दोघांनाच कळतो.

पोरगी खूश झाली. आठवडाभर खपून तिनं रुमाल केला. त्यातून बोटं दिसत होती, म्हणून मी तो जाड करायला लावला. बाजूला भावाचा आकडा उमटत होता, तो काढायला लावला. व्यापारी हसत होता, त्याचं तोंड बंद करवलं. बैलाचा नाच तर मी पहिल्याच दिवशी थांबवला. विकला जाणारा बैल नाचेल कशाला? सरतेशेवटी रुमाल उरला, आणि भाव सांगताना फोनची थरथर.

आता सरांचा फोन थरथरला.

"म्हणजे किती?" सरांनी विचारलं.

सायलीनं माझ्याकडं बघितलं. कुठल्या बोटाचा काय भाव, हे तिनं मला विचारून घेतलं होतं आणि मी ठोकून दिलं होतं. ते ठोकून दिलेलं आता माझंच मला आठवेना.

लॅपटॉपमधले सर पुढं वाकले. "आजी, तुम्ही स्वतः किती बैल विकलेत?"

खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. "एक बी नाय," मी म्हणाले. "त्यात बायांचा हात कुटं असतो? मी टेम्पोपाशी भाकरी घेऊन बसायची."

आमचे मालक उंबऱ्यात लसूण सोलत होते. चाळीस वर्षं त्यांनी बेल्ह्याला बैल विकलेत. मान वर न करता म्हणाले, "बोटांचं समदंच चुकलंय. आन् आता कोन रुमाल टाकतंय? भाव फोनवरच ठरत्यात."

सायली रडकुंडीला आली. "आजोबा, मग आधी का नाही बोललात?"

"तुजी आजी बोलत व्हती."

सर एवढे हसले की त्यांचा फोन खाली पडला आणि आम्हाला बराच वेळ नुसता पंखा दिसत राहिला.

पुन्हा पहिला गेम आणावा, तर सायलीनं तो पुसून टाकलेला. गेम जमा करायला आठच दिवस उरले होते, तेवढ्यात नवा होणार नव्हता. तिनं गेम सोडला. सर म्हणाले, सोडलास तर सोड, पण का सोडलास ते नीट लिहून दे. तिनं लिहिलं. दर बदलानंतर पोरांना खेळायला द्यायला हवा होता, जुना गेम जपून ठेवायला हवा होता, आणि जो जोरात बोलतो त्यालाच माहीत असतं असं धरून चालायला नको होतं. त्यावर ती पास झाली.

ते कागद मी चष्मा लावून वाचले. 'प्रकल्प का फसला' याखाली पहिलं कारण 'आजी' असं लिहिलंय. गेम गेला. आजी, वय बहात्तर, अजून आहे.