वाळवलेलं चिबड

संक्रांतीआधी दिंडोरीहून पेठकडे निघाले, अक्काला भेटायला. अक्का माझी थोरली बहीण. तिच्या घरामागून जंगलातला ओहळ जातो. त्याच्या पाण्यावर ती वाल, हरभरा करते, म्हणून द्राक्षांच्या मजुरीला आमच्याकडे कधी यावं लागलं नाही. यंदा फोनवर नुसतं म्हणाली, "येऊन बघ."

नाशिकला गाडी बदलली. घाटात जागोजागी नव्या पाट्या, 'निसर्गाच्या कुशीत प्लॉट'. निसर्गाला विचारलं होतं की नाही, कोण जाणे.

जेवायला नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण. मी खेकड्यांच्या कालवणाची आस धरून गेले होते.

"खेकडे कुठले आता," अक्का म्हणाली. "पावसात वरनं लोंढा आला, चिखलानं बिळं बुजली. अन् आता पाणीच नाय."

दुसऱ्या दिवशी दोघी ओहळाच्या काठानं वर गेलो. एरवी होळीपर्यंत वाहणाऱ्या ओहळात नुसते दगड. वर चिबड (बारमाही ओली जमीन) आहे. तिथली काळी, कुजक्या पाल्याची माती गादीसारखी दबायची. पावसाचं पाणी धरून ठेवायची, ओहळाला हळूहळू सोडायची. मी सवयीनं चपला हातात घेतल्या, तर टणक ढेकळं टोचली. मधोमध यंत्रानं खोल चर खणलेला. पलीकडे बंगला, हिरवळ आणि हिरवळीवर पाणी मारणारा टँकर.

"मावशी, साहेबांनी दलदल सुकवली," राखणदार ऐटीत म्हणाला. "लय मच्छर व्हते."

"मग हे पाणी कशाला?" अक्कानं विचारलं.

"गवत वाळतंय ना."

"ओलं सुकवायला एक मशीन, सुकलेलं भिजवायला दुसरं. डोकं लय हाय तुझ्या साहेबाला."

तो हसला.  मी पदर तोंडाशी धरून हसू दाबलं.

"चर बुजवतील का?" अक्काचा आवाज उतरला.

"बुजवतील कशाला? पुढच्या साली पोहायचा तलाव व्हायचाय."

उतरताना अक्का फुलोऱ्यातच करपलेल्या वालापाशी थांबली आणि म्हणाली, "तुमच्याकडं द्राक्षतोडणी कधी लागते?"

परतीच्या गाडीत आम्ही दोघी होतो. दिंडोरीत उतरल्यावर तिनं पहिलं विचारलं, "नळाला पाणी कधी येतं गं?"

जन्म ओहळाकाठी काढलेली बाई ही. साहेब म्हणे शनिवार-रविवार निसर्ग बघायला येतात. बघायला काय ठेवलंय, ते त्यांनाच ठाऊक.