ज्यांना मी कधी मत दिलं नाही

सकाळची एसटी येऊन थांबली आणि कंडक्टर दारातूनच ओरडला, "आप्पा गेले हो! पहाटं, पुण्यात." माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "सुटले एकदाचे..." चहाच्या टपरीवर बसलेले सगळे माझ्याकडं असे काही बघायला लागले, की जणू मी पेढे वाटायला निघालोय. त्यांचंही चुकलं नाही म्हणा. पंचायत समितीच्या दोन निवडणुकांत मी आप्पांच्या विरोधात उभा राहिलो आणि दोन्ही वेळा सपाटून आपटलो. पण वर्षभर दवाखान्याच्या खाटेवर त्या माणसाचे जे हाल चालले होते ते मी डोळ्यांनी पाहिले होते. शेवटी शेवटी त्यांना कूस बदलायलाही दोघं लागत. म्हणून सुटले म्हणालो, आणि आज महिन्यानंतरही तेच म्हणतो.

आमचं गाव मार्गासनीच्या पुढं, डोंगराला चिकटून. आप्पा आणि मी एकाच आळीत वाढलो, ते माझ्याहून थोडे थोरले. पहिल्यांदा निवडून आले तेव्हा त्यांच्या बाजूच्या पोरांनी मिरवणुकीत आमच्या दारात गुलालाचं अख्खं पोतं उधळलं. आमचे वडील सोप्यात बसले होते. त्यांच्या जेवणाच्या ताटात गुलाल पडला. म्हातारा ताटावरून उठला आणि म्हणाला, "आजपासून त्या घराचं न् आपलं पाणी बंद." आप्पा मिरवणुकीत पार पुढं होते, त्यांना हे संध्याकाळी कळलं. पण तोवर शब्द गेला होता. पाणी बंद म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. एकमेकांच्या घरचं पाणी प्यायचं नाही, लग्नाला जायचं नाही, आणि कुणी मेलं तर खांदासुद्धा द्यायचा नाही. पुढं वडील वारले. शब्द मोडायला सांगणारंच कुणी उरलं नाही, आणि मी तर पहिल्यापासून हट्टी.

आप्पा पुढारी म्हणून कसे होते? भाषण एकदम रद्दड. दोन वाक्यं झाली की घाम पुसायचे. पण चिवट. वेल्ह्याच्या तालुका ऑफिसात वहाणा हातात घेऊन पायी जायचे आणि साहेब भेटेपर्यंत पायरीवरून हलायचे नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी आमच्या गावापर्यंत रस्त्याचं काम मंजूर करून आणलं. मी सभेत ठणकावलं, "आप्पांचा रस्ता कागदावरच राहणार!" रस्ता झाला तेव्हा त्यांनी माणसाकरवी निरोप धाडला, "तात्याला म्हणावं, जरा कागदावर चालून ये." गाव आठवडाभर हसत होतं. मला असा राग आला होता म्हणता!

आता रस्ता झाला म्हणजे एसटी हवी. एसटीचे साहेब येऊन पाहून गेले आणि म्हणाले, गाडी वळवायला जागा दाखवा, नाहीतर गाडी मिळणार नाही. गावात एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला कातळ. गाडी फिरेल एवढी सपाट जागा एकच, रस्त्याकडेचं माझं खळं. आणि इकडं माझी शकू सातवी पास होऊन बसलेली. पुढची शाळा नसरापूरला. एसटी आली तर पोर शिकणार, नाहीतर भांडी घासणार. बरं, आपण होऊन खळं द्यावं तर वडिलांचा शब्द आडवा. आप्पांनी सरपंचाला पाठवलं. मी म्हणालो, "ज्याला पाहिजे त्यानं यावं." सरपंच गेल्यावर शकू एवढंच म्हणाली, "बाबा, मला पाहिजे." तरी उठलो नाही, असा मी गाढव.

चाचणीची गाडी यायच्या आदला दिवस. वैशाखातलं ऊन, भर दुपार. बघतो तर आप्पा एकटेच खळ्याच्या कडेला उभे. टोपी हातात. मला वाटलं, आता एसटीचं बोलतील. ते बोलले, "तात्या, पाणी दे."

आमच्या घरातली तांब्या घेऊन आली खरी, पण उंबऱ्यातच थबकली. मी तो तिच्या हातातून घेतला आणि स्वतः नेऊन दिला. आप्पांनी मान वर करून तांब्या रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "तुझ्या बापाच्या ताटात गुलाल पडला, ती चूक माझीच. तवाच यायला पायजे हुतं. आपलं भांडाण मतापुरतं ठिवू, पान्यात नगं."

मी म्हणालो, "खळं घ्या. पण मत न्हाई द्यायचा."

"मत मागितलंय कुणी, येड्या?"

काय सांगू, छातीवरची धोंड कुणी उचलून बाजूला ठेवावी तसं झालं. दुसऱ्या दिवशी गाडी आली, खळ्यात मागं-पुढं करत फिरली आणि पोरांनी असा गलका केला की ड्रायव्हरच दचकला. जूनमध्ये शकू नसरापूरला जाऊ लागली. आता ती भोरला डी.एड. करते. पुढच्या निवडणुकीतही मी त्यांच्यासमोर उभा राहायच्या तयारीत होतो, तेवढ्यात दुखण्यानं त्यांना गाठलं.

त्या दिवशी त्यांना पुण्याहून आणलं तेव्हा पुढचा खांदा मी दिला. पाणी बंद असतं तर कुठल्या तरी भिंतीआड उभा राहून तिरडी जाताना बघितली असती! संध्याकाळी त्यांच्या घरी चूल पेटायची नव्हती. पिठलं-भाकरी आमच्या घरून गेली. शकू भोरहून आली होती, तिनंच सगळ्यांना वाढलं.

परवा आप्पांचा थोरला, दत्ता, घरी आला. बराच वेळ चुळबुळ करत बसला. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आप्पांच्या आठवणीखातर या पोराला बिनविरोध सोडायचं. तसं बोलणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "तात्या, या बारीला मी हुबा राहतोय. आप्पा जाताना सांगून गेले, तात्याला म्हणावं बसू नको. समोर तू नसलास तर पोरगं आळशी हुईल."

मला आधी हसू आलं आणि मग हसता हसताच रडू फुटलं. मरणाच्या दारातसुद्धा या माणसाला विरोधक हवा होता, आणि तोही मीच! डोळे पुसून म्हणालो, "हुबा राहणार. आणि तुला पाडणार, दत्ता. आधीच सांगून ठिवतो."

"बघू की," दत्ता म्हणाला.

आमच्या घरातलीनं दोन पाट मांडले होते. त्यातला एक खांबाजवळ, आप्पा टेकून बसायचे तिथं. दत्ता तिथं बसला, आणि आम्ही जेवायला सुरुवात केली.