पोलादपूरच्या वाडीत हृदयाचं यंत्र घेऊन तीन दिवस

सायलीचा फोन आला तेव्हा मी ठाण्यातल्या घरात दिवाळीनंतरचा चिवडा संपवत बसले होते. "शुक्रवार ते रविवार मोकळी आहेस का? पोलादपूरला जायचंय. तुला भात कापणीचे फोटो मिळतील, मला बोलायला माणूस मिळेल." ही माझी शाळेपासूनची मैत्रीण. मला कशाचं आमिष दाखवायचं हे तिला पक्कं ठाऊक. मी डबा बाजूला ठेवून बॅग भरायला घेतली.

तिचं काम मात्र फोटोंपेक्षा बरंच मोठं होतं. चार वर्षं खपून सायलीने हाताच्या पंज्यात मावेल असं ईसीजीचं यंत्र केलंय. छातीला चार वायरी लावायच्या, बटण दाबायचं, हृदयाचा आलेख मोबाइलमध्ये. रेंज मिळाली की तो थेट डॉक्टरकडे. वाडीवस्तीवरच्या आशाताईला वापरता यावं म्हणून केलेलं, आणि पोहोचलं कुठवर, तर पुण्यामुंबईच्या प्रदर्शनांत. आता मुंबईतली एक संस्था पुढच्या टप्प्यासाठी पैसे द्यायला तयार होती, पण अट अशी: जिथे वापरणार तिथला कुणीतरी भागीदार हवा, त्याने खर्चाचा चौथा हिस्सा उचलावा आणि तसं पत्र सोमवारी पाच वाजेपर्यंत पोहोचावं. पत्र नाही तर पैसे नाहीत. आणि पैसे नाहीत तर सायली दुकान बंद करून बंगलोरची नोकरी धरणार होती. ऑफर तिच्या ईमेलमध्ये पडून होती, मी स्वतः वाचली.

शुक्रवारी दिव्याहून कोकणात जाणारी पॅसेंजर धरली. तिकीट स्वस्त, खिडकी मोठी, आणि रोह्यापुढे दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं भात. वीरला उतरलो. महाडला जाणार असाल तर हेच स्टेशन, पण गाव तिथून बरंच लांब आहे हे लक्षात असू द्या. बाहेर रिक्षा उभ्या असतात. आम्हाला अडीचशे सांगितले, दोनशेवर जमलं. एसटी स्टँडजवळच्या लॉजवर नऊशे रुपयांत स्वच्छ खोली आणि गरम पाणी. जेवायला एका खानावळीत खाडीच्या कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी मिळाली. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

संध्याकाळी महाडमधल्या एका डॉक्टरांना भेटलो. वाडीवरून आलेले आलेख फुकट बघून द्यायला ते आधीच तयार झाले होते. "मी वेळ देतो. पण पैशाचं गावाशी बोला," म्हणाले. सायली इतकी खुशीत होती की लॉजवर परतताना तिने रस्त्यात गाणं म्हटलं. ती गात नाही, आणि का गात नाही ते मला त्या दिवशी कळलं.

शनिवारी सकाळी एसटीने पोलादपूर, तिथून उमरठकडे जाणारी सहा आसनी रिक्षा. माणशी चाळीस रुपये, मांडीवर कुणाची तरी पिशवी फुकट. कापड्यापर्यंत रस्ता बरा आहे, पुढे कंबर सांभाळा. दोन्हीकडे कापणी चाललेली, बांधावर पेंढ्या उभ्या. वाडीत जायला शेवटी अर्धा तास चढ. वर आमची वाट बघत उभ्या होत्या संगीताताई, तिथल्या आशाताई. पन्नाशीच्या, काटक, आणि चढण चढून आमची वाट लागलेली बघून हसू दाबणाऱ्या.

देवळापुढच्या मांडवात तीसेक माणसं जमली होती. सायलीने भिंतीवर चित्रं दाखवली, छापलेली पत्रकं वाटली, नानांचा ईसीजी काढला. नाना म्हणजे वाडीतले सगळ्यात मोठे, त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही असं आम्हाला सांगितलं गेलं होतं. आपल्या हृदयाचा आलेख बघून ते खूश झाले. "चांगलं हाय. लय चांगलं हाय," म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. सायलीने मला खालून कोपर मारलं आणि पत्राचा कागद पुढे केला.

कागद नानांनी हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि नीट घडी घालून परत दिला. "बघू."

"बघू म्हणजे?"

"मुंबईला विचारावा लागल."

आम्हाला वाटलं मुंबईला म्हणजे सरकारला. संगीताताईंनी आम्हाला बाजूला घेतलं तेव्हा उलगडा झाला. इथल्या निम्म्या घरांतली माणसं कामाला मुंबईत. त्यांचं मंडळ आहे, रीतसर नोंदणी केलेलं. रस्ता, पाण्याची टाकी, देवळाचा पत्रा, जे काही होतं ते मंडळाच्या वर्गणीतून आणि मंडळाच्या बैठकीत. गावातल्या माणसाने परस्पर सही केली तर तो मंडळाचा अपमान. आणि आम्ही शहाण्या दोघी मुंबईच्या कुशीतल्या ठाण्याहून, मंडळाच्या अंगणातून, शंभरावर मैल तुडवत इथे सही मागायला आलो होतो!

"आधी का नाही सांगितलंत?" सायलीचा आवाज चढला.

"तुमी विचारला कुठं?" नाना शांतपणे म्हणाले.

बरोबरच होतं. सायलीने दोन महिने फोनवर सगळ्यांना यंत्राबद्दल सांगितलं होतं. तुमच्याकडे निर्णय कसा होतो, हे आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं.

रेंज फक्त चढणीच्या वळणावर, एका हेळ्याच्या झाडाखाली. सगळी सभा तिथे गेली. मंडळाचे सचिव विलासभाऊ लागले. ते मुंबईत एका कारखान्यात सुपरवायझर. नानांनी मोबाइल स्पीकरवर टाकून दगडावर ठेवला आणि भोवती सगळे उकिडवे बसले.

"मॅडम, यंत्र चांगलंच असंल," विलासभाऊ म्हणाले. "पण आमच्याकडं एका कंपनीनं पाणी साफ करायचं मशीन दिलं होतं. फुकट. सहा महिने चाललं. आता त्याच्यावर काय बसतं ते नानांना विचारा."

"कोंबड्या," नाना म्हणाले.

"तर माझा एकच सवाल हाय. बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार?"

"आम्ही कुरिअरने मागवून..." सायलीने सुरुवात केली आणि स्वतःच थांबली. त्या वळणावर कुरिअर कसं येणार, हे तिला दिसतच होतं.

"मंडळाची बैठक उद्या अकराला हाय. उत्तर असंल तर सांगा. आमाला नको असं नाय हो मॅडम." मग म्हणाले, "आमचे तात्या छातीत दुखतंय म्हणत होते. सगळ्यांना वाटलं गॅस हाय, सोडा पाजला. खाली रस्त्यापर्यंत पण पोचले नाय. असं यंत्र असतं तर, असं मला पण वाटतं."

संगीताताई उठल्या आणि वाळत घातलेलं भात गोळा करायचंय म्हणून निघून गेल्या.

त्या दिवशी आम्ही त्यांच्याकडेच राहिलो. कुळथाचं पिठलं, भाजलेली सुकट, नवा तांदूळ. पैसे घ्यायला त्यांनी साफ नकार दिला.

रविवारी सकाळी निघताना यंत्र कुठे ठेवायचं यावर चर्चा झाली. सायली दोन यंत्रं घेऊन आली होती. एक मंडळाचा निर्णय होईपर्यंत वाडीतच राहू द्या, म्हणाली. नानांनी ते शाळेच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. "महागाची वस्तू हाय," म्हणाले.

संगीताताई आमच्याबरोबर महाडला आल्या. त्यांच्या माहितीत एक दुरुस्तीवाला होता. रिक्षात मागच्या बाकावर आम्ही तिघीच होतो. कापड्याच्या अलीकडे त्या एकदम म्हणाल्या, "सोडा मीच दिलेला." आम्हाला आधी कळेना. "विलासभाऊंच्या तात्यांना. मला वाटला गॅसच हाय. दोन लिंबा पिळली वर. विलासभाऊ कधी काय बोलले नाय मला. बोलले असते तर बरा झाला असता."

सायलीने त्यांचा हात धरला आणि पोलादपूर येईपर्यंत सोडला नाही. मला रडू आलं, हे लिहायला हरकत नाही.

महाडच्या बाजारात इकबालभाईंचं दुकान: मिक्सर, पंखे, गीझर, आणि मागच्या फळीवर एक जुना रक्तदाबमापक. शुक्रवारी बंद, रविवारी उघडं, आमचं नशीब. हे गृहस्थ कुवेतच्या एका मोठ्या हॉस्पिटलात बावीस वर्षं यंत्रं दुरुस्त करत होते. ईसीजी, मॉनिटर, सलाईनचे पंप, सगळं. सायली त्यांच्याकडे अशी बघत होती जणू देव स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलाय.

त्यांनी यंत्र कानाशी हलवलं, चष्मा कपाळावर चढवला. "उघडू?"

"चिकटवलेलं आहे," सायली म्हणाली.

"तेच चुकलं ना. चिकटवलेलं मशीन म्हणजे फेकायचं मशीन." पातीने त्यांनी ते अलगद उघडलं. "बेटा, डिझाइन एकदम क्लास आहे. पण आमचा पावसाळा तुम्ही बघितलेला नाही. इथे चपलेला बुरशी चढते. सर्किटवर कोटिंग मारा. चार स्क्रू लावा. चार्जिंगचं सॉकेट वेगळं काढा, म्हणजे तुटलं तर तेवढंच बदलेल, साठ-सत्तर रुपयांत काम."

सायलीने आधी तोंड वाकडं केलं. चार वर्षांचं बाळ कुणी असं फाडलं तर कुणीही करेल. मग तिने वही काढली. पुढचा पाऊण तास ती दोघं सॉकेट, रबरी पट्टी आणि बॅटरीवर अशी तुटून पडली की इकबालभाईंच्या घरून आलेला चहा आणि सांदणं मी एकटीने संपवली. नारळाच्या रसातली सांदणं. महाडला कुणाची ओळख असेल तर ती वापरा, दुकानात अशी मिळत नाहीत.

"दुरुस्तीचं तुम्ही बघाल?" सायलीने विचारलं. "महिन्याचं काय द्यायचं ते..."

"पगार नको. झालेल्या कामाचे पैसे द्या. पण यंत्राचं पूर्ण ड्रॉइंग मला पाहिजे, आणि पत्रात माझं नाव. भागीदार म्हणून. कुवेतमध्ये बावीस वर्षं मी मशीनच्या मागे उभा होतो, फोटो सगळे पुढून निघाले."

अकरा वाजता दुकानातूनच व्हिडिओ कॉल लागला. पलीकडे मुंबईतली एक खोली, दाटीवाटीने बसलेली पंधरा-वीस माणसं. इकबालभाईंनी उघडं यंत्र कॅमेऱ्यासमोर धरून प्रत्येक भाग समजावला. "पोलादपूरच्या एसटीत कंडक्टरकडे द्या, मी संध्याकाळच्या गाडीने परत पाठवतो," म्हणाले, आणि पलीकडे पहिल्यांदा हसू फुटलं. ही भाषा त्यांना कळत होती. यंत्र कुणाकडे ठेवायचं यावर मात्र वाद पेटला. कुणी म्हणे शाळेत, कुणी म्हणे नानांकडे. संगीताताई कॅमेऱ्यात येतच नव्हत्या. "उद्या पत्रात लिवतो काय ते," विलासभाऊंनी मिटवलं.

दुपारी ताई वाडीला गेल्या, आम्ही वीरहून परतीची गाडी धरली. माणशी एकूण खर्च अडीच हजारांच्या आत.

सोमवारी दुपारी तीनपर्यंत पत्र नव्हतं. सायली माझ्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होती. तीन वाजून वीस मिनिटांनी मोबाइल वाजला: मंडळाचा छापील कागद, शिक्का, सह्या. चौथा हिस्सा मंजूर. दुरुस्तीचे भागीदार, इकबालभाई. आम्ही दोघी ओट्यापाशी नाचलो, शेजारीण बघायला आली. पावणेचारला पत्र संस्थेकडे गेलं, आणि महिन्याभरात तिकडून होकारही आला. बंगलोरचं ईमेल सायलीने पुसून टाकलं.

पण खरी सांगायची गोष्ट तिसऱ्या कलमाची आहे. नाचण्याच्या भरात ते आम्ही वाचलंच नव्हतं. छापील मजकुराखाली विलासभाऊंनी पेनाने लिहिलं होतं: "यंत्र संगीतावहिनींच्या घरी राहील. त्याला कुलूप लावू नये."

ताईंचा फोन लागेना. संध्याकाळी त्या वळणावर आल्या तेव्हा त्यांनीच केला. ते कलम मी वाचून दाखवलं.

"कोणी लिवलाय?"

"विलासभाऊंनी. स्वतःच्या हाताने."

"परत वाच गो."

मी परत वाचलं.

"बरा," ताई म्हणाल्या. "मग नाना जेवायला बसायच्या आधी जाते. किल्ली घेऊन येते."