मामाची स्वच्छ बाटली

माझा मामा लॅबमध्ये नमुने तपासतो, आणि स्वच्छता कळणारा जगात तो एकटाच उरलाय असं त्याचं प्रामाणिक मत आहे. आमच्याकडे आला की चहाचा कपही आधी उजेडात धरून बघतो. लॅबमध्ये लघवीच्या नमुन्यासाठी सीलबंद बाटल्या येतात. मामाचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नाही. प्रत्येक बाटली उघडून, जखमेला लावतात त्या तपकिरी औषधाने विसळून तो उपडी वाळत ठेवायचा. साहेबांनी कधी अडवलं नाही. फुकटात जास्तीचं काम करणाऱ्याला कोण अडवतो?

दोन वर्षांपूर्वी आईचा गळा सुजला. सतत थकवा, भर उन्हात स्वेटर, आवाज घोगरा. आई शाळेत गाणं शिकवते, त्यामुळे आवाज गेला की सगळंच गेलं. गळ्याची अशी सूज आयोडीन कमी-जास्त झालं की येते, आणि शरीरातलं आयोडीन लघवीतून मोजता येतं, म्हणून मामाने तिचा नमुना तपासला. आकडा बघून त्याचेच डोळे पांढरे झाले.

"ताई, आयोडीन फार झालंय तुझ्यात. आजपासून बिनआयोडीनचं साधं मीठ. अंडी, मासे, दूध बंद."

"डॉक्टरांना विचारू या ना," मी म्हटलं.

"डॉक्टर कोणाचा रिपोर्ट वाचतात? माझाच ना?"

आईने भावाचं ऐकलं. सहा महिन्यांत तिला वरचा सूर लागेना, मग बोलणंही जड झालं. शेवटी मी तिला डॉक्टरांकडे ओढून नेलं, आणि मामा अर्थातच समजवायला सोबत आला. रक्ताचा रिपोर्ट सांगत होता की थायरॉइड मंदावलंय. दुसऱ्या लॅबने आयोडीन मोजलं, तर ते अगदी तळाला.

"तुमच्याकडे बाकीच्यांचं किती येतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळ्यांचंच जास्त. लोक मीठ बेसुमार खातात हो."

"बाटल्या कशाने धुता?"

मामाने अभिमानाने औषधाचं नाव सांगितलं, मग तेच नाव स्वतःशीच पुन्हा सावकाश उच्चारलं. त्या नावातच आयोडीन होतं. पंधरा वर्षं ते नाव त्याला पाठ होतं, पण पाठ असणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं. मला त्याचा इतका राग आला की त्याच्याकडे बघवेना.

घरी आल्यावर तो रडायला लागला. "ताई, मला माफ कर."

"रडणं नंतर," आई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मला माझी मुलगी घेऊन गेली. तुझ्या रिपोर्टवर मीठ बदललेल्या बाकीच्यांना कोण सांगणार? फोन लाव."

पहिला फोन एका बाईंच्या नवऱ्याने उचलला. मामाने बाईंना बोलवायला सांगितलं.

"तिचा आवाज बसलाय," तो म्हणाला. "काय ते मला सांगा."