मालकांच्या लिफ्टमध्ये

पोलिसातल्या नोकरीतली एक गुमशुदगीची, माणूस हरवल्याची, तक्रार मला अजून विसरता येत नाही. इंदूरची एक मिल बंद पडली आणि काही महिन्यांनी तिथला एक कामगार घरातून नाहीसा झाला. त्याच्या मेहुण्याचा संशय त्याच्या जिवलग दोस्तावर होता. दोस्त म्हणे, मला काही माहीत नाही.

मग खबर आली. बड्या गणपतीच्या देवळाजवळच्या पानवाल्याने दोघांना मुंबईच्या बसमध्ये चढताना पाहिले होते. दोस्त मात्र एकटाच परतला होता. मी त्याला पोलीस थान्यात बोलावले. मारहाणीने माणूस खोटेच जास्त बोलतो, म्हणून चहा दिला आणि बसवून ठेवले. संध्याकाळी तो रडायला लागला.

"जिंदा है साहेब. बंबईला मिलच्या मालकांच्या ऑफिसात लिफ्टवर आहे. मिल चालू करूनच येईन म्हणून निघाला होता, आता कोणत्या तोंडाने येणार? कोणाला सांगू नको, अशी कसम घातली त्याने मला."

स्थानिक पोलिसांना कळवून मी साध्या कपड्यांत तिथे गेलो. समुद्राकाठची ती इमारत बघताना मान मोडेल इतकी उंच. तो लिफ्टमध्ये स्टुलावर बसला होता. ओळख दिली, तर घाबरलाही नाही.

"वर भेटायला जाऊ देईनात, म्हणून इथेच कामाला लागलो," तो म्हणाला. "मालक रोज माझ्याच लिफ्टने जातात. वर पोचेपर्यंत आम्ही दोघंच. पण माझं तोंडच उघडत नाही."

"मग बोलतोस कोणाशी?"

"कोणाशीच नाही. लोक नुसता मजला सांगतात."

तेवढ्यात मालक आत आले. मी मागे सरकून उभा राहिलो. लिफ्ट निघाली. माझ्याकडे एकदा बघून तो हळूच म्हणाला, "सेठजी, मैं इंदौर का हूँ. अपनी मिल कब चालू होगी?"

मालकांनी मान वळवली. आवाजात राग नव्हता. खरोखरच आठवत नसल्यासारखे त्यांनी विचारले, "कौन-सी मिल?"

दार उघडले, ते निघून गेले. त्याने लिफ्ट खाली आणली, टोपी स्टुलावर ठेवली. "चला साहेब."

बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला. थान्यात त्याची बायको एका बाजूला उभी होती. दोस्त पुढे आला आणि त्याचा हात धरून उभा राहिला. मी 'मिळून आला' असे लिहून प्रकरण बंद केले.

तोवर अशा तक्रारीत मी आधी वैरी शोधत असे. त्यानंतर घरच्यांना पहिला प्रश्न वेगळाच विचारू लागलो: जाण्याआधी तो मनमोकळे कोणाशी बोलला होता? बहुतेक घरांत सगळे एकमेकांकडे बघत राहायचे.